लोखंडाची सुरगांठ

गांठी दोन प्रकारच्या असतात हें आमच्या वाचकांपैकीं जे खेड्यांतून आले आहेत त्यांस सांगावयास नको. एक निरगांठ आणि दुसरी सुरगांठ. निरगांठ एकदां बसली म्हणजे ती नखांनीं, दातांनीं आणि शेवटीं विळ्यानें सोडवावी लागते. सुरगांठीचें शेपूट मात्र ओढलें कीं ती क्षणांत मोकळी होते. गोठ्यास आग लागली, तर दाव्याची गांठ निरगांठ आहे कीं सुरगांठ आहे यावर मुक्या जनावराचा जीव अवलंबून असतो. बैलाच्या मानेखालून येणारें जोतें शिवळेस अडकवितात तेंहि याच विचारानें. बैल कितीहि जोरानें ओढो, जोतें निसटूं नये. पण तोच बैल चिखलांत खालीं बसला, तर गड्यास एका हातानें तें काढतां यावें.

सारांश, चांगल्या जोडास दोन परस्परविरुद्ध गुण लागतात. भार असेपर्यंत त्यानें मुळींच सुटूं नये, आणि आपण सोडूं म्हणतांच त्यानें हट्ट करूं नये. यांपैकीं एकच गुण पाहिजे असेल तर काम फार सोपें आहे. लोहारास सांगून दोन तुकडे तापवून एकजीव करून घ्यावे, किंवा उलटपक्षीं नुसते एकावर एक ठेवावे. दोन्ही गुण एकाच वस्तूंत आणणें हीच यंत्रकाराची खरी कसोटी. आपल्या घरांतील विजेचा दिवा पाहा. तो खोबणींत दाबून किंचित् फिरविला म्हणजे त्याच्या दोन बाजूंच्या खुंट्या खांचेंत जाऊन बसतात, आणि आंतील स्प्रिंग त्यांस तेथेंच रेटून धरते. काढतांना पुनः दाबून उलट फिरवावा लागतो. नुसत्या हिसक्यानें तो येत नाहीं, आणि नुसत्या फिरविण्यानेंहि येत नाहीं. दोन्ही क्रिया क्रमानें कराव्या लागतात. बंबवाल्यांच्या नळ्यांचे पितळी तोंडें जोडण्याचीं कुलुपेंहि अशींच झटकन् लागणारीं व झटकन् सुटणारीं असतात, कारण आग आटे फिरवीत बसावयास वेळ देत नाहीं.

परंतु या लेखांत आम्ही ज्या जोडाविषयीं विस्तारानें लिहिणार आहों तो याहून पुष्कळ मोठा आहे. तो आपण सर्वांनीं पाहिलेला आहे, आणि बहुतेकांनीं पाहूनहि न पाहिल्यासारखा केला आहे. तो म्हणजे आगगाडीच्या दोन डब्यांमधील जोड. हजारों टनांची मालगाडी ज्या सांध्यांवर ओढली जाते, ते सांधे स्थानकांत एका मनुष्यानें, एका हातानें, थोड्याशा श्रमांत सोडावयाचे असतात. ही लोखंडाची सुरगांठ मनुष्यास सांपडण्यापूर्वीं तिच्यापायीं किती हात गेले व किती जीव गेले, तो इतिहास विज्ञानाच्या क्रमिक पुस्तकांत सहसा येत नाहीं.

आपल्या देशांत १६ एप्रिल १८५३ रोजीं मुंबई ते ठाणें अशी पहिली उतारूंची आगगाडी धावली. तेव्हांपासून पुढें दीर्घकाळ आपल्या रुंद रुळांच्या मार्गांवर मुख्यतः इंग्लंडच्या धर्तीचीच जोडणी चालत आली. प्रत्येक डब्याच्या टोंकास मधोमध एक भक्कम आंकडा, आणि दोन्ही बाजूंस धक्का सोसणारे दोन वाटोळे बफर. एका डब्याच्या आंकड्यास लोंबणारी कडी दुसऱ्याच्या आंकड्यावर चढवावयाची, आणि मग कडीच्या मधला स्क्रू त्याच्या दांड्यानें फिरवून आवळावयाची. या स्क्रूचे आटे एका अर्ध्यांत उजवे व दुसऱ्या अर्ध्यांत डावे असतात. त्यामुळें तो एका दिशेनें फिरविला कीं दोन्हीकडचीं टोंकें एकदमच जवळ येतात. बफर बफरास टेंकेपर्यंत तो आवळला म्हणजे गाडी सुटतांना हिसका बसत नाहीं. उतारूंच्या सुखाच्या दृष्टीनें ही जोडणी उत्तमच म्हटली पाहिजे. पण हें सुख कोणाच्या जिवावर? ती कडी चढविणारा शंटर बफरांखालून वांकून दोन डब्यांच्या मधें जातो, आणि त्याच्या डाव्या व उजव्या बाजूंस प्रत्येकीं कित्येक टनांचें वाहन उभें असतें. इंग्लंडांत मालाच्या डब्यांना स्क्रूच्या ऐवजीं साध्या तीन कड्यांची सांखळी असे, व शंटर लांब काठीच्या टोंकास बसविलेल्या आंकड्यानें ती बाहेर उभें राहूनच उचलीत असे. युक्ति साधी, पण तिनें पुष्कळांचे प्राण वांचविले असले पाहिजेत. आवळावयाच्या स्क्रूस मात्र ती काठी चालत नाहीं; तेथें मनुष्यालाच आंत जावें लागतें.

या जोडणींत आणखी एक मर्यादा आहे, आणि ती सहज लक्षांत येत नाहीं. जी कडी एका मनुष्यानें हातांनीं उचलावयाची, ती त्याला उचलवेल इतकीच जड असूं शकते. आणि जी तितकीच जड, ती तितकाच भार ओढूं शकते. म्हणजे गाडी किती लांब व किती जड असावी हें इंजिनाच्या शक्तीवर ठरत नसून शंटराच्या दंडांवर ठरतें. 

अमेरिकेंत याहूनहि वाईट स्थिति होती. तेथें प्रथम जी जोडणी प्रचारांत आली तींत एक लांबट कडी व दोन खिळे असत. एका डब्याच्या पोकळ तोंडांत कडी खिळ्यानें बसविलेली असे. दुसरा डबा हळूहळू मागें येऊं लागला कीं ब्रेकवाल्यानें मधें उभें राहून ती कडी हातानें उचलून धरावयाची, ती समोरच्या तोंडांत बरोबर शिरेल असें पाहावयाचें, हात मागें घ्यावयाचा, आणि त्याच क्षणीं दुसऱ्या हातानें खिळा टाकावयाचा. हात मागें घेण्यास निमिषभर उशीर झाला कीं बोटें गेलीं. कामाच्या शोधांत आलेल्या ब्रेकवाल्याचा अनुभव त्याच्या तुटलेल्या बोटांवरून ओळखतां येई, अशी त्या काळीं म्हणच पडून गेली होती. १८९३ सालीं संपलेल्या सरकारी वर्षाच्या हिशेबांत केवळ डबे जोडतांना व सोडतांना मेलेल्या कामगारांची संख्या चारशेंवर आणि जखमी झालेल्यांची संख्या अकरा हजारांवर होती. युद्धांत नव्हे; रोजच्या कामांत, आणि एका वर्षांत.

यावर उपाय शोधणारे पुष्कळ होते. कपलिंगाच्या पेटंटांची संख्या हजारांवर गेली, आणि त्यांतील बहुतेक कागदावरच राहिलीं. जें टिकलें तें ईलाय हॅमिल्टन जॅनी याचें. हा मनुष्य व्हर्जिनियांतला. यादवी युद्धांत तो दक्षिणेच्या सैन्यांत अधिकारी होता, आणि युद्धानंतर अलेक्झांड्रिया गांवीं एका कापडाच्या दुकानांत कारकुनी करीत असे. तो शिकलेला यंत्रकार नव्हता. त्यानें चाकूनें लांकूड कोरून आपल्या कल्पनेचा नमुना तयार केला, व २९ एप्रिल १८७३ रोजीं त्याला त्याचें पेटंट मिळालें.

जॅनीची कल्पना समजून घ्यावयाची असेल तर या क्षणीं पुस्तक खालीं ठेवावें. आपला उजवा हात पुढें करा, व त्याचीं बोटें आंकड्याप्रमाणें वळवा. समोर उभ्या असलेल्या सोबत्यास त्याचाहि उजवा हात तसाच वळवावयास सांगा. आतां दोन्ही हात एकमेकांत अडकवून ओढून पाहा. जितकें ओढाल तितके ते घट्ट बसतात. येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी: दोघांचेहि हात उजवेच आहेत. कुलूप व किल्ली, कडी व कोयंडा, बटण व काजें, या सर्व जोड्यांत एक देणारा व एक घेणारा असतो, म्हणून डबा उलटा लागला तर काजापुढें काजच येण्याची भीति. जॅनीच्या जोडांत दोन्ही अंगें एकसारखीं आहेत. डबा कोणत्याहि तोंडानें आला तरी चालतें. ज्या देशांत एका कंपनीचा डबा हजार मैल दूर दुसऱ्या कंपनीच्या डब्यास लावावा लागतो, तेथें या गुणाचें मोल किती हें सांगणें नको.

पुढें अनेक कारागिरांनीं त्यांत सुधारणा केल्या. आज त्याचें जें रूप रूढ आहे त्याच्या आंत काय चालतें तें आतां पाहूं. डब्याच्या टोंकास ओतीव पोलादाचें एक मोठें डोकें असतें. त्याच्या एका बाजूस बिजागरीच्या खिळ्यावर फिरणारें एक जाड बोट असतें. मूठ वळली असतां बोटाच्या सांध्याचा जो उंचवटा दिसतो त्यास इंग्रजींत नकल म्हणतात. त्यावरून या बोटासहि नकल हेंच नांव पडलें, व आपल्याकडील रेल्वेकामगारहि तेंच वापरतात. नकलीची एक शेपटी डोक्याच्या पोकळींत गेलेली असते. दोन डबे जवळ येतांना दोहोंपैकीं निदान एकाची नकल उघडी असली पाहिजे. समोरच्या डोक्याचा धक्का लागतांच उघडी नकल आंत वळते, तिची शेपटी पोकळींत सरकते, आणि वर टेंकून बसलेला एक पोलादी ठोकळा आपल्याच वजनानें शेपटीच्या वाटेंत खालीं पडतो. झालें. आतां शेपटीस परत फिरावयास जागा उरली नाहीं, म्हणून नकल उघडत नाहीं, आणि नकल उघडत नाहीं म्हणून डबे सुटत नाहींत. आपल्या जुन्या वाड्यांच्या दिंडीदरवाजास आंतून आडवा अडसर घालीत तोच हा प्रकार. फरक इतकाच कीं हा अडसर दार लागतांच आपण होऊन पडतो.

विद्यार्थ्यांनीं येथें दोन क्षण थांबावें. हजारों टनांची ओढ त्या लहानशा ठोकळ्यावर पडत असेल असें प्रथम वाटतें, परंतु तसें नाहीं. ओढीचा मोठा भार नकलीच्या शेपटीवरील उंचवटे आणि डोक्याच्या आंतील कंगोरे यांजवर पडतो. ठोकळ्याचें काम फक्त वाट अडविण्याचें. झटकन् सुटणाऱ्या सर्व चांगल्या कुलुपांचें रहस्य या एका वाक्यांत आहे: ज्या भागानें भार वाहावयाचा तो भाग वेगळा, आणि जो भाग हातानें हलवावयाचा तो वेगळा. स्क्रूच्या जोडणींत भार वाहणारी वस्तूच हातानें उचलावी लागते, म्हणून ती मनुष्याच्या बळाशीं बांधलेली आहे. जॅनीच्या जोडांत हातानें फक्त ठोकळा उचलावयाचा असल्यामुळें बाकीचें डोकें हवें तितकें जड व बळकट करतां येतें.

सोडतांना काय करतात? डब्याच्या बाजूस, रुळांच्या बाहेर उभ्या असलेल्या मनुष्याच्या हातीं येईल असा एक दांडा असतो. तो फिरविला कीं ठोकळा वर उचलला जातो व अर्ध्या वाटेंत एका कंगोऱ्यावर टेंकून राहतो, म्हणजे शंटरास दांडा धरून उभें राहावें लागत नाहीं. इंजिन पुढें निघालें कीं नकल आपोआप उघडते व डबे वेगळे होतात. मात्र दोन डब्यांत ओढ असतांना दांडा फिरवून पाहिला तर तो फिरत नाहीं. शेपटी ठोकळ्यास भिंतीवर इतक्या जोरानें दाबून धरते कीं घर्षणामुळें तो जागचा हलत नाहीं. म्हणून सोडण्यापूर्वीं इंजिन थोडें मागें घेऊन ढील द्यावी लागते. हा दोष नसून गुणच आहे. सुरगांठीचें शेपूट ओढलें तर ती सुटते. या लोखंडी सुरगांठीचें उलट आहे. ओढ असेपर्यंत ती निरगांठच असते, आणि ढील मिळाल्यावरच सुरगांठ होते.

पण मग चालत्या गाडींत धक्क्यांनीं व हादऱ्यांनीं तो ठोकळा हळूहळू आपोआप वर चढला तर? ही भीति अगदीं खरी आहे, कारण गाडी सारखी ओढीवर नसते. उतारावर डबे एकमेकांस रेटतात, आणि त्या वेळीं ठोकळा सैल असतो. यावर योजलेली तोड आम्हांस सर्व यंत्रांत अतिशय सुंदर वाटते. ठोकळ्याच्या खालीं लोंबणारा उचलण्याचा जो तुकडा असतो त्यास एक लहान आडवा पाय असतो. ठोकळा आपण होऊन वर येऊं लागला तर तो पाय डोक्याच्या आंतील पायरीखालीं अडकतो व ठोकळ्यास थांबवितो. दांड्यानें उचललें तर मात्र प्रथम तो पाय बाजूस वळतो, पायरी मोकळी होते, आणि मगच ठोकळा वर जातो. धक्का आणि मनुष्याचा हेतु यांतील फरक त्या निर्जीव तुकड्यास कळतो, असेंच म्हणावयाचें. शिवाय जोड पुरा बसला कीं नाहीं हें पाहण्यासाठीं खूण ठेवलेली असते, व जोडल्यावर इंजिन एकदां उलट ओढून खात्री करून घेण्याची चाल आहे. 

नकल बोलून चालून सर्वांत आधीं मोडावी अशीच केलेली असते. भार अनावर झाला तर मोठें डोकें किंवा त्यामागचा दांडा तुटण्याऐवजीं नकल तुटते. तिचें वजन सुमारें ४० किलो, आणि खिळा काढला कीं दुसरी बसवितां येते. अमेरिकेच्या लांबलचक मालगाड्यांबरोबर जादा नकला ठेवलेल्या असतात त्या यासाठींच.

युक्ति १८७३ सालीं सांपडली, पण ती कामगारांच्या हातीं पडण्यास वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. कंपन्या म्हणत कीं खर्च फार आहे, शेजारची कंपनी बदलीत नाहीं तोंवर आमच्या बदलण्याचा उपयोग काय, आणि बोटें जातात तीं कामगारांच्या निष्काळजीपणानें जातात. यांतील मधला मुद्दा अगदींच खोटा नव्हता. त्याचा निकाल १८८७-८८ च्या सुमारास लागला. डबे बांधणाऱ्यांच्या संघानें जॅनीच्या धर्तीचा जोड प्रमाण म्हणून पसंत केला, आणि जोडाच्या बाह्य आकारावरील पेटंटाचा हक्क सोडून देण्यांत आला. आंतील कुलूप ज्यानें त्यानें आपल्या बुद्धीप्रमाणें करावें, पण बाहेरचा आकार सर्वांचा एक असावा, असें ठरलें. दोन मनुष्यांनीं हात मिळविण्यास त्यांचीं अंतःकरणें एकसारखीं असण्याची गरज नाहीं. हाताची ठेवण सारखी असली म्हणजे पुरे!

पहिल्या व तिसऱ्या मुद्द्यांस उत्तर द्यावयास लॉरेन्झो कॉफिन पुढें आला. हा आयोवा प्रांतांतील एक शेतकरी. तरुणपणीं त्यानें शिक्षकाचें काम केलें होतें, आणि यादवी युद्धांत उत्तरेच्या सैन्यांतील एका पलटणीचा तो धर्मोपदेशक होता. १८७४ च्या सुमारास मालगाडीचे डबे जोडतांना एका ब्रेकवाल्याचीं बोटें चिरडलेलीं त्यानें डोळ्यांनीं पाहिलीं, आणि त्या दिवसापासून या माणसानें दुसरा धंदा जवळजवळ सोडला. सभा, पत्रें, वर्तमानपत्रें, देवळें, कायदेमंडळें, जेथें म्हणून चार माणसें ऐकून घेतील तेथें तो गेला. आयोवाचा रेल्वे कमिशनर झाल्यावर त्याच्या बोलण्यास वजन आलें. तो रेल्वेकामगारांत मद्यपाननिषेधाची चळवळहि चालवीत असे, त्यामुळें पुष्कळ जण त्यास विक्षिप्त समजत. अशा विक्षिप्त लोकांचें ऋण आम्हां शिक्षकांनीं तरी मोकळेपणीं मान्य करावें असें आम्हांस वाटतें. अखेर २ मार्च १८९३ रोजीं अध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनीं सुरक्षा-साधनांच्या कायद्यावर सही केली. कंपन्यांना पांच वर्षांची मुदत मिळाली. ती पुढें १९०० पर्यंत वाढविण्यांत आली.

त्या कायद्याचे शब्द मोजून घातलेले होते. डबे नुसत्या धक्क्यानें आपोआप जोडले जावे, आणि सोडतांनाहि मनुष्यास डब्यांच्या मधें जावें लागूं नये. जोडणें आणि सोडणें, दोन्ही. तरीहि कायद्याचा अर्थ काय हें ठरावयास एका मनुष्याचा हात खर्ची पडला. ऑगस्ट १९०० मध्यें यूटा प्रांतांत प्रॉमंटरी येथें जॉन्सन नांवाचा ब्रेकवाला इंजिनास भोजनाचा डबा जोडीत होता. इंजिनास जॅनीचा जोड होता, आणि डब्यास मिलर नांवाच्या दुसऱ्या कारागिराचा आंकडा. दोन्ही आपापल्या जातीच्या जोडांशीं आपोआप जुळणारे, पण एकमेकांशीं न जुळणारे. जॉन्सनला मधें जाऊन हातानें कडी बसवावी लागली, हात चिरडला, व तो कापून काढावा लागला. खालच्या न्यायालयांनीं कंपनीची बाजू उचलून धरली. १९०४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो निकाल फिरविला: प्रत्येक वाहनावर स्वयंचलित जोड असणें पुरेसें नाहीं, ते एकमेकांशीं स्वयंचलित रीतीनें जुळले पाहिजेत. योगायोग असा कीं त्याच वर्षीं फेब्रुवारींत बाल्टिमोर शहर पेटलें असतां शेजारच्या शहरांतून धावून आलेल्या बंबवाल्यांच्या नळ्या तेथील पाण्याच्या तोंडांस बसेनात, आणि मदत दारांत उभी असतांना शहराचा मोठा भाग जळाला.

सर्वांनीं एकदमच बदलण्याचें धाडस कसें करावें हें जपाननें दाखविलें. तेथेंहि स्क्रूचीच जोडणी होती. जुना व नवा जोड एकमेकांस लागत नसल्यामुळें थोडे थोडे डबे बदलीत जाणें म्हणजे गाडी मधेंच तोडण्यासारखें झालें असतें. म्हणून कित्येक वर्षें तयारी करून नवे जोड आधींच डब्यांखालीं टांगून ठेवले, कामगारांस शिकविलें, आणि १७ जुलै १९२५ रोजीं मुख्य बेटावर मालगाड्या थांबवून एका दिवसांत बदल उरकला. क्यूशू बेटावर तोच विधि तीन दिवसांनीं झाला. आमच्या मतें यंत्रविद्येच्या इतिहासांत यंत्राहून व्यवस्थेचें कौतुक करावें अशा ज्या थोड्या घटना आहेत त्यांत ही अग्रगण्य होय.

आपल्याकडे बदल सावकाशीनें झाला. प्रथम मालाच्या डब्यांना मधल्या बफराचा, म्हणजे जॅनीच्या वंशांतील जोड आला. उतारूंच्या निळ्या डब्यांना मात्र स्क्रूच राहिला. २००० च्या सुमारास जर्मनींतून जे एल्. एच्. बी. जातीचे डबे आले त्यांना हा जोड होता, व पुढें ते आपल्याच कारखान्यांत होऊं लागले. पेरांबूरच्या कारखान्यानें जुन्या बनावटीचे डबे बांधणें २०१८ सालीं बंद केलें. नव्या डब्यांच्या जोडांत आणखी एक गुण आहे. डोक्यांच्या बाजूंस अशीं अंगें असतात कीं जोडल्यावर एक डोकें दुसऱ्याच्या वर किंवा खालीं सरकत नाहीं. त्यामुळें टक्कर झाली असतां एक डबा दुसऱ्याच्या अंगावर चढण्याचा भयंकर प्रकार टळण्यास मोठी मदत होते. या डब्यांत गाडी सुटतांना हिसका बसतो अशी उतारूंची तक्रार असे. तींत तथ्य होतें, कारण स्क्रूप्रमाणें येथें आवळतां येत नाहीं, व धक्का शोषणाऱ्या भागांत थोडी ढील राहते. तो भाग सुधारून हिसका कमी करण्यांत आला आहे.

पुण्याकडे जाणाऱ्यांस हा विषय प्रत्यक्ष पाहावयाचा असेल तर कर्जतच्या फलाटासारखी शाळा नाहीं. बोरघाटाचा चढ ३७ फुटांस १ फूट असा आहे. तो चढण्यासाठीं गाडीच्या मागें जादा इंजिनें लावतात, व वर लोणावळ्याकडे गेल्यावर तीं काढतात. जादा इंजिनें पुढें न लावतां मागें कां, असा प्रश्न आमच्या वर्गांत दर वर्षीं निघतो. सर्व इंजिनें पुढें असतीं तर पहिल्या जोडावर सगळ्या गाडीची ओढ आली असती. मागून रेटल्यामुळें ती वांटली जाते, आणि एखादा जोड तुटलाच तर सुटलेले डबे उताराकडे पळण्याऐवजीं मागच्या इंजिनावर टेंकतात.

असें असूनहि मनुष्य डब्यांच्या मधें जाण्याचा अजून थांबलेला नाहीं. ९ नोव्हेंबर २०२४ रोजीं बिहारमधील बरौनी स्थानकांत जोड सोडण्याच्या कामावर असलेला एक रेल्वेकामगार इंजिन व डबा यांच्यामध्यें चिरडून मरण पावला. बाजूनें फिरविण्याचा दांडा निघाला, मग आंत कशाला जावयाचें, असें वाचक विचारतील. त्याचें कारण हवेच्या नळ्या. डब्यांना जोडणारें लोखंड एक, आणि ब्रेकसाठीं दाबलेली हवा नेणाऱ्या रबरी नळ्या वेगळ्या. त्यांचे झडप-खटके हातानें बंद करावे लागतात व नळ्या हातानें सोडाव्या लागतात. विजेच्या तारा असतील तर त्याहि. अमेरिकेच्या कायद्यानें वाचविलेला हात आपल्या येथें नळीसाठीं पुनः आंत घालावा लागतो.

वास्तविक त्या नळीचीं तोंडें हीहि एक सुंदर सुरगांठच आहे. दोन पंज्यांसारखीं तीं समोरासमोर आणून किंचित् पिळलीं कीं रबरी चकत्या एकमेकींवर दाबून बसतात. अमेरिकेंत प्रचलित असलेल्या तोंडांत तर डबे दूर ओढले गेले कीं नळ्या ताणून सरळ होतात, पंजे उलट पिळले जातात, व कांहींहि न फाटतां मोकळे होतात. जॉर्ज वेस्टिंगहाउस यानें १८७२ सालीं काढलेल्या ब्रेकाची रचना अशी आहे कीं नळींतील दाब नाहींसा होतांच ब्रेक लागतात. म्हणून चालती गाडी मधेंच तुटली तर नळ्या सुटतात, हवा जाते, आणि दोन्ही तुकडे आपोआप उभे राहतात. लोखंडी जोड ओढ असतांना सुटत नाहीं. हवेचा जोड मात्र ओढ लागली कीं सुटलाच पाहिजे. एकाच ठिकाणीं शेजारीशेजारी लोंबणाऱ्या दोन जोडांचे धर्म असे अगदीं उलट आहेत.

दोन्ही कामें एकाच डोक्यांत घालणारा जोडहि आहे. कार्ल शार्फेनबर्ग या जर्मन यंत्रकारानें तो विसाव्या शतकाच्या आरंभीं काढला. त्यांत प्रत्येक डोक्याच्या आंत एक फिरती चकती असते. तिच्या एका कडेस खांच व दुसऱ्या कडेस एक कडी. डोकीं भिडलीं कीं प्रत्येकाची कडी दुसऱ्याच्या खांचेंत बसते, स्प्रिंग दोन्ही चकत्या फिरवून धरते, आणि दोन कड्या समांतर राहून ओढ वांटून घेतात. त्याच डोक्यांतून हवा व वीज यांचेहि सांधे जुळतात, व चालकास आपल्या जागेवरून तो सोडतां येतो. जगांतील अनेक शहरांच्या मेट्रोगाड्या याच धर्तीच्या जोडांवर चालतात. युरोपच्या मालगाड्या मात्र अजून बहुतांशीं स्क्रूवरच आहेत. साठ-सत्तरच्या दशकांत तेथील देशांनीं एकत्र येऊन तो बदलण्याचा प्रयत्न केला, पण तो सिद्धीस गेला नाहीं. आतां पुनः उद्योग चालला असून, २०२१ सालीं त्यांनीं त्यासाठीं जें डोकें निवडलें तें शार्फेनबर्गच्याच जातीचें आहे.